शिवकाशीचा शेजारधर्म : एका उद्योगनगरीतील परस्परसाहाय्य

व्यापारात मैत्री नसते, असे एक व्यवहारी मत सर्वत्र प्रचलित आहे. ज्यांचा माल एक, गिऱ्हाईक एक आणि बाजारपेठही एक, ते परस्परांचे प्रतिस्पर्धी असतात. प्रतिस्पर्ध्याला आपली विद्या शिकवणे किंवा अडचणीत त्याला हात देणे म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणे होय, असा या मतामागील युक्तिवाद असतो. वरवर पाहता तो बिनतोड वाटतो. तथापि भारतातील काही उद्योगकेंद्रांचा इतिहास पाहिला, तर या मताला मुरड घालावी लागते. तमिळनाडूतील शिवकाशी हे अशा केंद्रांपैकी एक ठळक केंद्र होय.

मदुराईच्या नैऋत्येस सुमारे ७५ किलोमीटर अंतरावर वसलेले हे गाव आज आगपेट्या, फटाके आणि छपाई या तीन उद्योगांसाठी देशभर प्रसिद्ध आहे. ‘छोटे जपान’ या नावानेही ते ओळखले जाते. येथे ना मोठी नदी आहे, ना खनिजे, ना बंदर. पाऊस बेताचा आणि शेती बेभरवशाची. असे असता एका पिढीच्या आत येथे उद्योगांचे जाळे उभे राहिले. हवा कोरडी असल्यामुळे काड्या आणि दारू लवकर वाळतात, आणि शेतीवर पोट भरत नसल्याने मजूर सहज मिळतात, ही दोन कारणे नेहमी सांगितली जातात. ती खरी आहेत. परंतु अशी कोरडी आणि दरिद्री गावे दक्षिणेत इतरही पुष्कळ होती. शिवकाशीपाशी त्यांच्याहून अधिक काय होते, हे जाणून घ्यावयाचे असेल, तर आगपेटीचा पहिला कारखाना निघण्यापूर्वीच्या शंभर वर्षांकडे वळले पाहिजे.

पेट्टै आणि महमै

शिवकाशीतील उद्योजकांचा मोठा भाग नाडार समाजातील आहे. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी या समाजातील बहुसंख्य लोक तिरुनेलवेलीच्या दक्षिणेकडील रेताड प्रदेशात ताडाच्या झाडांवर उपजीविका करीत. झाडावर चढून रस उतरवणे आणि तो आटवून ताडगूळ करणे हा त्यांचा व्यवसाय. सवर्ण समाज त्यांना हीन लेखी, आणि मंदिरप्रवेशही त्यांना नाकारला जाई. त्यांतील काही कुटुंबे ताडगूळ, सुकी मासळी आणि मीठ बैलगाड्यांवर लादून उत्तरेकडे व्यापारासाठी जाऊ लागली.

वाटेवर चोरांचे भय असे, आणि मुक्कामाच्या गावी त्यांना जवळ करणारे कोणी नसे. म्हणून या व्यापाऱ्यांनी ठिकठिकाणी तटबंदीची आवारे बांधली. अशा आवाराला ‘पेट्टै’ म्हणत. त्यात गाड्या सोडण्यास जागा, मालासाठी कोठारे, पाण्याची विहीर आणि विक्रीसाठी दुकाने असत. पेट्टैचा खर्च भागवण्यासाठी तेथे उतरणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याकडून ठरावीक अंश घेतला जाई. त्याला ‘महमै’ असे नाव होते. संस्कृतातील ‘महिमा’ या शब्दाचेच हे तमिळ रूप. दिल्याने देणाऱ्याचा मान वाढतो, हा भाव त्या नावात आहे. पुढे ही प्रथा पेट्टैपुरती न राहता गावातील प्रत्येक नाडार व्यापाऱ्याच्या धंद्याला लागू झाली. निधीचा विनियोग ‘उरविन्‌मुरै’ नावाची समाजाची सभा करी. ‘उरवु’ म्हणजे नाते आणि ‘मुरै’ म्हणजे रीत. कुटुंबप्रमुखांची ही सभा तंटे मिटवी, विहिरी, मंदिरे व शाळा यांचा खर्च चालवी आणि नियमभंग करणाऱ्यास दंड करी.

रामनाथपुरम भागातील शिवकाशी, विरुदुनगर, अरुप्पुक्कोट्टै, तिरुमंगलम, पालयंपट्टी आणि सात्तंगुडी ही सहा गावे या व्यवस्थेची प्रमुख ठाणी होती. एकाच पेट्टैत शेजारी-शेजारी बसून एकच माल विकणारे हे व्यापारी भावाच्या बाबतीत एकमेकांचे प्रतिस्पर्धी होते. परंतु तट, विहीर आणि निधी मात्र सर्वांचा एक होता. स्पर्धा कोठे करावयाची आणि कोठे करावयाची नाही, याची सीमारेषा त्यांनी अशी फार पूर्वीच आखून घेतली होती.

संकटातून संघटना

या ऐक्यामागे केवळ सद्भावना होती असे समजणे चूक ठरेल. त्यामागे भीतीही होती. व्यापारातून सुस्थिती आलेल्या नाडारांनी मंदिरप्रवेशाचा आग्रह धरताच संघर्ष पेटला. जून १८९९ मध्ये शिवकाशीवर मोठा सशस्त्र जमाव चालून आला, घरे जाळली गेली आणि माणसे मेली. ज्या समाजाला राजसत्तेच्या वेळेवर येण्याची खात्री नव्हती आणि शेजारच्या समाजाच्या दयेचाही भरवसा नव्हता, त्याला आपसांतील विश्वास हेच भांडवल जपावे लागले.

या अनुभवानंतरच्या पंचवीस वर्षांत गावागावांतील परस्परसाहाय्याला व्यापक संस्थांचे रूप मिळाले. १९१० मध्ये नाडार महाजन संगमची स्थापना झाली. १९२१ मध्ये तुतिकोरीन येथे नाडार बँक सुरू झाली. समाजातील बचत एकत्र करून ती समाजातील धंद्यांना पुरवावी, हा तिचा हेतू होता. हीच बँक १९६२ पासून तमिळनाड मर्कंटाइल बँक या नावाने ओळखली जाऊ लागली. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, बँक निघाल्याने जुनी रीत नाहीशी झाली नाही. तमिळमध्ये ‘कैमात्तु’ असा एक शब्द आहे. मराठीतील ‘हातउसने’ या शब्दाशी तो तंतोतंत जुळतो. कागद नाही, तारण नाही, व्याजही बहुधा नाही. चार-आठ दिवसांची अडचण भागवण्यासाठी ओळखीच्या माणसाने ओळखीच्या माणसाला दिलेली रक्कम. बँकेने मोठ्या भांडवलाची सोय केली आणि आठवड्याची मजुरी भागवण्याची सोय हातउसन्यावर चालत राहिली.

कलकत्त्याचा प्रवास

१९२२ हे वर्ष हिंदुस्थानातील आगपेटीच्या इतिहासात महत्त्वाचे आहे. तोवर देशाची गरज मुख्यतः परदेशी मालावर भागत असे आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात जपानी आगपेट्यांनी बाजार व्यापला होता. १९२२ मध्ये सरकारने आयात आगपेट्यांवरील जकात दर ग्रोसला, म्हणजे १४४ पेट्यांना, दीड रुपया केली. जकातीचा हेतू महसूल वाढवण्याचा होता. परंतु तिच्या आडोशाने देशी उत्पादनाला वाव मिळाला. कलकत्त्यात कारखाने निघू लागले. स्वीडनच्या बलाढ्य आगपेटी कंपनीनेही जकात चुकवण्यासाठी येथेच उत्पादन करण्याचे ठरवले आणि तिच्या ‘विमको’ या कंपनीचा कारखाना मुंबईजवळ अंबरनाथ येथे उभा राहिला.

याच सुमारास शिवकाशीतील पी. अय्या नाडार आणि ए. षण्मुग नाडार हे दोन तरुण चुलतभाऊ आगपेटी बनवण्याची विद्या शिकण्यासाठी कलकत्त्यास गेले. त्यांच्या घराण्यांचा पिंड व्यापाऱ्याचा होता. रसायनांचे शिक्षण किंवा कारखानदारीचा अनुभव त्यांच्यापाशी नव्हता. काही महिने राहून त्यांनी ही कला आत्मसात केली, आणि १९२३ मध्ये शिवकाशीस परत येऊन जर्मन यंत्रांच्या साहाय्याने कारखाना सुरू केला. लवकरच त्यांच्या लक्षात आले की, यंत्राने होणारी बरीच कामे येथे हाताने अधिक स्वस्तात होतात. काड्या चौकटीत ओळीने बसवणे, त्या मेणात आणि नंतर गुलाच्या मिश्रणात बुडवणे, पेट्या चिकटवणे, भरणे, कडांना तांबड्या फॉस्फरसचा लेप देणे आणि लेबल लावणे अशा लहान लहान क्रियांत ते काम विभागता येते. यंत्राची जागा हातांनी घेतली आणि कारखाना काढण्यास लागणारे भांडवल एकाएकी कमी झाले.

या बदलाचा परिणाम दूरगामी होता. कारखाना यंत्रावर अवलंबून राहिला असता, तर तो दोन घराण्यांची मिरास होऊन बसला असता. हातपद्धतीमुळे ही विद्या दुसऱ्याला देता येण्याजोगी झाली, आणि दिलीही गेली. पुढे दोघा भावांनी आपले उद्योग वेगळे केले. त्यांचे पाहून नातलग, ओळखीचे व्यापारी आणि हाताखाली काम शिकलेली माणसे यांनी आपापले कारखाने काढले. शिवकाशीबाहेर सात्तूर आणि कोविलपट्टी येथेही हा उद्योग पसरला. आगपेट्यांच्या अनुभवातून फटाक्यांचा धंदा वाढला. दुसऱ्या महायुद्धात परदेशी माल बंद पडल्यावर त्याला विशेष जोर आला. आगपेट्यांना आणि फटाक्यांना रंगीत लेबले लागत, म्हणून छापखाने निघाले. आणि हे छापखाने पुढे दिनदर्शिका व वह्या छापून देशभर पाठवू लागले. एका उद्योगाची गरज हा दुसऱ्या शेजाऱ्याचा धंदा झाला.

विद्या का लपवली गेली नाही?

या इतिहासातील कळीचा प्रश्न येथे उपस्थित होतो. कलकत्त्याहून पदरमोड करून आणलेले ज्ञान पहिल्या कारखानदारांनी कुलूपबंद का ठेवले नाही? त्याची उत्तरे तीन प्रकारची आहेत.

पहिले उत्तर व्यापारी शिक्षणाच्या जुन्या रीतीत सापडते. नाडार व्यापाऱ्यांत होतकरू मुलाने एखाद्या नातलगाच्या दुकानी राहून काम शिकावे, आणि तो तयार झाल्यावर त्याच नातलगाने त्याला उधारीवर माल देऊन स्वतंत्र दुकान थाटून द्यावे, अशी पद्धत होती. कालचा नोकर आज शेजारचा दुकानदार होणे ही फितुरी मानली जात नसे. तो शिक्षणाचा शेवटचा धडा होता. नवे दुकान हे जुन्या दुकानाचे गिऱ्हाईकही असे. हीच रीत आगपेटीच्या कारखान्यांनी उचलली.

दुसरे उत्तर धंद्याच्या गरजांत आहे. पोटॅशियम क्लोरेट, गंधक, सरस आणि मेण ही सामग्री बाहेरून आणावी लागे. काड्यांचे लाकूड केरळातून येई. एकट्या लहान कारखान्यासाठी वखारवाला किंवा मालगाडी थांबत नाही; पन्नास कारखाने असले म्हणजे अडते, वाहतूकदार, लोहार आणि सुतार आपण होऊन गावात येतात. शेजाऱ्याचा कारखाना चालू राहिला तरच आपल्यालाही सामग्री स्वस्त मिळते, हे येथील कारखानदारांना हिशेबाने कळत होते.

तिसरे उत्तर असे की, खरा प्रतिस्पर्धी शेजारी नव्हताच. एका बाजूस परदेशी भांडवलाचा यांत्रिक कारखाना होता. दुसऱ्या बाजूस करनीती होती. १९३४ मध्ये आगपेट्यांवर अबकारी कर बसला. लहान उत्पादक या करात टिकणार की बुडणार, हे एकेकट्याच्या अर्जाने ठरणारे नव्हते. कारखानदारांचे संघ बांधले गेले आणि त्यांनी सरकारपुढे एकमुखाने गाऱ्हाणे मांडले. स्वातंत्र्यानंतर दीर्घकाळ हाताने बनवलेल्या आगपेट्यांवर यांत्रिक मालापेक्षा कमी कर राहिला. या सवलतीमुळे हजारो लहान कारखाने तगले.

विश्वासाची यंत्रणा

अशा मैत्रीचे स्वरूप नीट समजून घेणे आवश्यक आहे. ही केवळ मनाची माया नव्हे. हातउसने दिलेली रक्कम परत येते, कारण घेणारा कोण, त्याचा बाप कोण आणि त्याच्या दुकानाची स्थिती काय, हे देणाऱ्यास ठाऊक असते. ती परत आली नाही, तर गोष्ट दोघांत राहत नाही. लग्नसमारंभात, देवळात आणि सभेत ती पोहोचते. ज्याची पत गेली त्याला पुढची उधारी मिळत नाही आणि मुलीसाठी स्थळही मिळत नाही. न्यायालयाचा हुकूमनामा बजावण्यास वर्षे लागतात. शेजाऱ्याच्या भुवया मात्र तत्काळ उंचावतात.

तथापि केवळ धाकानेही ही व्यवस्था चालली नाही. महमैचा पैसा सर्वांच्या डोळ्यांदेखत विहिरीत, शाळेत आणि देवळात उतरत असे. आपण दिलेल्या अंशातून शेजाऱ्याचा मुलगा शिकतो आणि उद्या आपलाही शिकेल, हे दिसत असल्यामुळे देणाऱ्याला दिल्याचे वाईट वाटत नसे. विरुदुनगर येथील क्षत्रिय विद्याशाळा ही अशाच सामाईक निधीवर वाढलेली शाळा. तिच्यासाठी घराघरांतून रोज मूठभर तांदूळ बाजूला काढला जाई. पुढे मद्रास राज्याचे मुख्यमंत्री झालेले के. कामराज हे या शाळेचे विद्यार्थी होते. शिवकाशीतही उद्योगाचा पैसा शिक्षणाकडे वळला. तेथील अय्या नाडार जानकी अम्माल महाविद्यालय १९६३ मध्ये स्थापन झाले.

तटाच्या आतले आणि बाहेरचे

पेट्टैला तट होता, ही गोष्ट विसरून चालणार नाही. तट आतल्यांचे रक्षण करतो आणि बाहेरच्यांना बाहेर ठेवतो. शिवकाशीतील परस्परसाहाय्याची सर्वांत मोठी मर्यादा हीच होय.

कारखानदार एकमेकांना ओळखत होते, एकमेकांची पत राखत होते; परंतु काड्या भरणारे हात बहुधा या वर्तुळाबाहेरचे होते. भोवतालच्या कोरडवाहू खेड्यांतील स्त्रिया आणि मुले उक्त्या दराने हे काम करीत. मुलांना पहाटे खेड्यांतून कारखान्यांकडे नेणाऱ्या गाड्या हा एके काळी या भागातील नित्याचा देखावा होता. कारखानदारांचा संघ जसा सामग्रीचा भाव एकत्र ठरवू शकतो, तसाच मजुरीचा दरही दाबून ठेवू शकतो. मालकांतील स्नेह मजुराच्या दृष्टीने सुखाचा असतोच असे नाही.

या प्रश्नाची दखल अखेरीस बाहेरून घेतली गेली. १९८६ मध्ये बालकामगारविषयक कायदा संमत झाला आणि आगपेट्या व फटाके यांच्या निर्मितीत मुलांना कामास ठेवण्यास त्यात मनाई करण्यात आली. शिवकाशीतील बालकामगारांविषयी दाखल झालेल्या याचिकेवर १० डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला. बालकास कामावर ठेवणाऱ्या मालकाने प्रत्येक मुलामागे २०,००० रुपये पुनर्वसन निधीत भरावेत, असा आदेश त्यात होता. न्यायालयाने मालकांवर बसवलेला हा एक प्रकारचा सक्तीचा महमैच होता. जो निधी स्वेच्छेने आपल्यांच्या मुलांसाठी शाळा बांधतो, तो परक्यांच्या मुलांपर्यंत पोहोचण्यास कायद्याची काठी लागली, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

अपघातांच्या बाबतीतही हेच दिसते. ५ सप्टेंबर २०१२ रोजी शिवकाशीजवळील मुदलीपट्टी येथील फटाक्यांच्या कारखान्यात भीषण आग लागून तीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. अशा दुर्घटना त्यापूर्वी घडल्या होत्या आणि त्यानंतरही घडल्या. एका कारखान्यातील निष्काळजीपणा सर्व धंद्याला काळिमा लावतो आणि शेजारच्या कारखान्यांचेही परवाने धोक्यात आणतो. तेव्हा शेजाऱ्याच्या शेडमध्ये दारूचा साठा मर्यादेबाहेर आहे हे माहीत असून गप्प राहणे, ही मैत्री नव्हे. उधारी बुडवणाऱ्यास जो समाज खड्यासारखा बाजूला काढतो, त्याने जीव धोक्यात घालणाऱ्यासही तोच न्याय लावला, तर या जुन्या व्यवस्थेला नवा अर्थ प्राप्त होईल.

अखेरचा ताळेबंद

परस्परसाहाय्याची ही रीत आजही निकामी झालेली नाही. २०२१ मध्ये कच्च्या मालाचे भाव वाढल्यामुळे लहान कारखाने मेटाकुटीस आले, तेव्हा आगपेटी उद्योगाच्या पाच संघटनांचे प्रतिनिधी शिवकाशीत एकत्र बसले, आणि १ डिसेंबर २०२१ पासून पेटीची किंमत एक रुपयावरून दोन रुपये करण्याचे त्यांनी ठरवले. चौदा वर्षांनी झालेली ही पहिलीच दरवाढ होती. एकट्याने भाव वाढवला असता तर त्याचा माल पडून राहिला असता. त्यानंतर परदेशी स्वस्त लायटरांविरुद्ध संघटनांनी लावलेल्या नेटानंतर जून २०२३ मध्ये केंद्र सरकारने वीस रुपयांपेक्षा कमी किमतीच्या लायटरांची आयात बंद केली.

शिवकाशीच्या इतिहासातून इतर उद्योजकांनी घ्यावयाचा बोध दुहेरी आहे. विद्या वाटल्याने धंदा बुडत नाही. ती वाटली म्हणूनच दोन भावांच्या कारखान्याचे एका नगरीत रूपांतर झाले. मात्र अशा मैत्रीला सामाईक निधीचा, उघड हिशेबाचा आणि चुकणाऱ्यास जाब विचारण्याचा आधार असावा लागतो; केवळ गोड शब्दांवर ती दोन मंदीसुद्धा तग धरत नाही. ही झाली एक बाजू. दुसरी बाजू अशी की, ‘आपले’ कोण हे ठरवण्यातच तिची कसोटी असते. विरुदुनगरच्या घराघरांतील मूठभर तांदळावर पोसलेल्या शाळेचा विद्यार्थी पुढे मुख्यमंत्री झाला, आणि त्याने राज्यातील सर्व जातींच्या गरीब मुलांसाठी शाळेत दुपारच्या जेवणाची योजना विस्तारली. मूठ तीच राहिली; ती कोणासाठी उघडावयाची, एवढेच बदलले. चौकटीत काड्या भरणारी स्त्री ज्या दिवशी महमैच्या हिशेबात आपल्यांत मोजली जाईल, त्या दिवशी शिवकाशीचा शेजारधर्म पुरा झाला असे म्हणता येईल.